विंगेतला आवाज

पेपर देऊन आलेली प्रणिता दुपारी हॉस्टेलच्या कॉटवर जरा पाठ टेकते. झोपायचं नाहीच आहे. तिनं लिहिलेली एकांकिका स्पर्धेत आहे, आज निकाल. शिष्यवृत्ती गणिताची, पुढच्या मुलाखतीत ‘ही नाटकं करत फिरते’ असं कुणी म्हणायला नको, म्हणून लेखकाचं नाव लावलंय नाटकातल्या मित्राचं, मिहीरचं. पण काल तिला राहवलं नाही, नाव आपलंच हवं होतं असं ती त्याला बोलून गेली. मिहीर म्हणाला, “निकाल लागला की फोन करतो. तू हो म्हण, मी स्टेजवरून तुझं नाव सांगतो.” आता फोन उशाशी आहे आणि डोळे मिटतात ते मिटतातच.

चौरे सर फळा पुसतायत. वारले त्याला दोन वर्षं झाली, पण सदरा तसाच, कडक इस्त्रीचा. गावच्या शाळेत तिला गणिताची गोडी लावली यांनी, शिष्यवृत्तीला बसवलं तेही यांनीच.

“एकोणतिसाचा पाढा म्हण.”

“सर, तुम्ही म्हणायचात, आधी गणित, नाटक काय पळून जातंय. गेलं की पळून. दुसऱ्याच्या नावावर गेलं.”

“गणितानं पोट भरतंय ना? मग रडतेस कशाला?”

मेल्यावर तरी माणसानं चार शब्द गोड बोलावेत, पण सर कसले बधतात. प्रणिताला त्यांचा मनापासून राग येतो. त्या रागातच ती पाढा सुरू करते, तर आकड्यांऐवजी तिच्याच नाटकातल्या आईची वाक्यं तोंडात येतात. फळ्याच्या जागी पडदा आहे. ती विंगेत उभी आहे आणि नट वाक्यं विसरून तिच्याकडे बघतायत.

“मोठ्यानं सांग,” सर मागून म्हणतात. “ऐकू जात नाही त्यांना.”

ती सांगते. आईचं, मुलाचं, सगळ्यांचं सांगते, अगदी बेंबीच्या देठापासून ओरडून. टाळ्या पडतात. नट वाकून नमस्कार करतात.

“सर, आता मी जाऊ पुढं?”

“प्रॉम्प्टर कधी पुढं येतो का, पोरी?”

कुणीतरी हलवतंय. खोलीतली रुखसाना. “किती ओरडतेस गं झोपेत? घे, फोन वाजतोय,” म्हणते आणि बादली उचलून बाहेर जाते.

“प्रणिता, पहिले आलो आपण,” मिहीर धापा टाकतोय. “स्टेजवर बोलावतायत. सांगू ना तुझं नाव? हो म्हण फक्त.”

ती तोंड उघडते. घसा पार बसलाय. नुसती हवा बाहेर येते.

“हॅलो? बरं, नको तर नको,” मिहीर म्हणतो. “तुझी शिष्यवृत्ती महत्त्वाची.” आणि फोन ठेवतो.