रिओहाची बाटली, कोकमाचं आगळ

मंडळी, दुपारपासून जिवाला चैन नाही.

गेल्या महिन्यात स्पेनला रिओहाची लाल वाइन चाखली आणि प्रेमातच पडले. आम्ही राहतो त्या कुवेतमध्ये दारूबंदी, म्हणून नुसती रिकामी बाटली आणली. देखणी होती हो! टाकवेना. आपली सवय! लेबल तसंच ठेवून, आतून घासूनपुसून त्यात कोकमाचं आगळ भरलं.

आज इथल्या सालमिया भागातल्या आमच्या शेजारीण, रत्नागिरीच्या हसीनाभाभी आल्या. मी त्यांच्यासमोरच त्या बाटलीतलं आगळ ओतून सरबत केलं. त्यांची नजर लेबलवर गेली. ग्लास तसाच खाली ठेवला.

"भाभी, कोकमच आहे!"

"ठाऊक हाय गो. पण बाटली..."

हसल्या, आणि उठून गेल्या.

ते आगळ त्यांनीच गावाहून माझ्यासाठी आणलं होतं. आता कुठल्या तोंडाने त्यांची बेल वाजवू?