पुष्पाच्या नळाचं पाणी

‘पुष्पाला सगळं माहीत होतं’ असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. अजून म्हणतात मेले. परवा तलासरीच्या बाजारात एकीने म्हटलं, तर मी सुकटीचा वाटा तिथेच टाकून तिच्याशी भांडले. मी म्हटलं, तू होतीस का तिथे? मी होते. पाड्यावरच्या अंगणवाडीची मदतनीस मी, ठकी. पोरांचा भात मीच शिजवते, त्यामुळे त्या पाण्याची गोष्ट माझ्याइतकी कुणाला ठाऊक असणार?

पुष्पा माझ्या शेजारची. तिचा नवरा लाहू बोटीवर खलाशी, पावसाळा सोडला तर घरी नसायचाच. माहेर याच पाड्यात, चार घरं सोडून. आई लवकर गेली तेव्हा धाकटा भाऊ प्रविण रांगत होता. पुष्पाने त्याला कडेवर घेऊन लोकांची भातं लावली. स्वतः शाळा सोडली आणि त्याला आश्रमशाळेत घातलं. पुढे तो उंबरगावला जाऊन नळाचं काम शिकला, तेव्हा ही बाई पाडाभर सांगत सुटली, जणू पोरगा कलेक्टर झाला!

हायवे सोडून आमच्या पाड्याकडे वळलं की डोंगराच्या अंगाला एक बंगला आहे. मुंबईच्या एका शेठचा. दोन हजार पंधरा साली बांधला आणि त्यात पोहायचा पूल केला. पुष्पा तिथे झाडलोट करायला लागली. पूल सांभाळायला डहाणूहून एक माणूस यायचा, त्याला रोज यायचा कंटाळा. त्याने सगळं काम हिला शिकवलं आणि स्वतः महिन्यातून एकदा तोंड दाखवायला लागला.

मला वाटायचं, पाणी भरलं की झालं, त्यात काय शिकायचं? पण पुष्पा रात्रंदिवस तेच बोलायची. “ठकीबाय, पाण्याला दम लागतो.” दम म्हणजे ते अल्कलिनिटी की काय, तो शब्द मला धड येत नाही. ती सांगायची, दम कमी असला की पाणी थाऱ्यावर राहत नाही. जरा ॲसिड पडलं की एकदम आंबट होतं, डोळे झोंबतात, लाद्यांमधला गिलावा खातं. दम जास्त झाला की गढूळ होतं, लाद्यांवर पांढरे थर चढतात आणि क्लोरीन कितीही ओता, त्याला जोर राहत नाही. म्हणून आधी दम बघायचा, मग आंबटपणा, मग क्लोरीन. पावसाचं पाणी पडलं की दम उतरतो, तेव्हा खायचा सोडा घालायचा. आपल्या भज्यात घालतात तोच, पण पोत्याने! मी म्हटलं, बये, एवढ्या सोड्यात सगळ्या पाड्याची भजी झाली असती. ती हसली नाही. तिच्याकडे एक छोटी पेटी होती, त्यात थेंबांच्या बाटल्या. नळीत पूलचं पाणी घ्यायची, एका बाटलीतलं औषध टाकलं की ते हिरवं व्हायचं, मग दुसरीतलं थेंब थेंब टाकत राहायची. जितक्या थेंबांनी लाल झालं तितका दम. तोंडातून शब्द नाही निघायचा तेव्हा. मलाही गप्प बसवायची.

मग शेठला बोअर मारायची हुक्की आली. पूल भरायला टँकर परवडत नव्हता म्हणे. आता बंगल्याच्या खालीच, डोंगराच्या तळाशी आमच्या पाड्याची विहीर. उन्हाळ्यात तिचा तळ दिसतो, वाटीने पाणी भरावं लागतं. बोअर मारली तर ती पण आटणार, हे काय आम्हाला कळत नव्हतं? सगळा पाडा कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. बोअरची गाडी आत जाऊ देईनात. तेव्हा पुष्पा मध्ये पडली. शेठशी बोलून आली आणि म्हणाली, “बोअर मारू द्या. बदल्यात शेठ कुंपणाबाहेर नळ देणार आहे. बोअरचंच पाणी, बारा महिने. नाही दिलं तर मला धरा.” जुनी माणसं कुरकुरली. जिव्याकाका म्हणाला, “पुष्पे, तुझ्या शब्दावर सोडतो, शेठच्या नाही.” ती म्हणाली, माझ्या शब्दावरच सोडा. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

नळाचं काम शेठने प्रविणलाच दिलं. घरचाच माणूस, म्हणून आम्ही आणखी निश्चिंत. त्याने कुंपणाजवळ सिमेंटची टाकी बसवली, तिला नळ लावला. दोन हजार अठराच्या होळीच्या सुमाराला नळ सुरू झाला. पहिला तांब्या गावदेवीला वाहिला, नारळ फोडला. मी सांगते, त्या दिवशी पुष्पाच्या तोंडावर जे होतं ते तिच्या लग्नातही नव्हतं. बाया तिला चिडवायच्या, “काय नळवालीबाई, आज किती वाजता सोडणार?” ती लाजायची. अहो, डोंगर उतरून विहिरीवर जायचं आणि हंडा डोक्यावर घेऊन वर यायचं, ते सुटलं होतं. पोरीबाळींच्या माना सुटल्या होत्या.

महिनाभर पाणी कसं गोड होतं. मग एप्रिलच्या कडाक्यात त्याला वास यायला लागला. औषधाचा. आता ऐका, आम्हाला तो वास म्हणजे चांगली खूण वाटली! पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत पांढरी पावडर टाकतो, त्याचा तसाच वास येतो. आरोग्याच्या ताई येऊन घरोघर सांगून गेल्या होत्या, वास आला तर घाबरू नका, पाणी निर्धोक आहे. अंगणवाडीच्या भिंतीवर तसं चित्रसुद्धा आहे. म्हणून आम्ही म्हटलं, शेठ भला माणूस, पाण्यात औषधसुद्धा टाकतो. पुष्पाला तर वास कळायचाच नाही. दिवसभर क्लोरीनमध्ये हात, तिच्या पदराला, केसांना, भाकरीलासुद्धा तोच वास.

फक्त एक घर नळावर यायचं बंद झालं. सुनिता, प्रविणची बायको. ती आपली हंडा घेऊन खाली विहिरीवर. विचारलं तर म्हणायची, “नळाचं पाणी आमच्यात पचत नाही.” आम्ही हसून हसून बेजार. नवरा नळ बसवतो आणि बायको विहीर शेंदते! आमच्यातली बायजी तर तिला राणीसाहेब म्हणायची. पुष्पालाही ते लागलं. मला म्हणाली, “माझ्या नळाचं पाणी हिलाच कसं पचत नाही गं? माझ्यावर कसला राग आहे तिचा?” मी म्हटलं, सोड, नणंद-भावजयीचं असतं काहीतरी.

त्या वर्षी पाऊस धो धो पडला. पूल काठोकाठ भरून वाहिला, पुष्पा म्हणाली पाण्यात दमच उरला नाही. इकडे दसऱ्याला शेठचे पाहुणे येणार होते. शेठच्या मॅनेजरने घाई लावली, पाणी निळंशार पाहिजे म्हणून. थोडा थोडा सोडा घालायचा असतो, दोन दिवस थांबून बघायचं असतं. पण तो ऐकेना, म्हणून हिने पोती एकदमच ओतली. दम भलताच चढला, पाणी दुधासारखं झालं. मग फिल्टर धू, पाणी काढ, बोअरचं भर, परत फिल्टर धू, हेच चाललं होतं. फिल्टर धुतलेलं पाणी पूर्वी मागच्या चरात जायचं. एप्रिलमध्ये प्रविणने तिथे नवा पाइप टाकला होता. पुष्पाने विचारलं तेव्हा म्हणाला होता, “आंब्याच्या कलमांना नेलंय, ताई. वाया कशाला घालवायचं?” तिला ते पटलं. ती फिल्टरचा दांडा फिरवायची, पाणी पाइपातून निघून जायचं.

तेवढ्यात आमचा नवं खायचा दिवस आला. हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या भाताची कापणी झाली की नव्या तांदळाचा पहिला भात देवाला आणि पितरांना दाखवायचा, त्याशिवाय कुणी तोंडात घालायचा नाही. प्रत्येक घरचा भात पानावर घेऊन गावदेवीच्या मांडवात ठेवायचा. नवा तांदूळ कसा, शिजला की मोगऱ्यासारखा पांढरा.

मी झाकण काढलं. भात पिवळा! हळद पडल्यासारखा. मला वाटलं माझंच भांडं खराब. गपचूप पान घेऊन मांडवात गेले, तर बायजीचं पान पिवळं, नवशीचं पिवळं, जिव्याकाकाचं पिवळं. कुणी कुणाकडे बघेना. भगत म्हणाला, देव नाराज आहे, पितरांनी अन्न घेतलं नाही. म्हाताऱ्या रडायला लागल्या. तेवढ्यात सुनिता आली. तिने पान ठेवलं. पांढराशुभ्र भात.

सगळे तिच्या पानाकडे बघत राहिले. मी मात्र पुष्पाकडे बघत होते. तिचं तोंड उतरत गेलं. भातात सोडा पडला की तो पिवळा होतो, हे आम्हा सगळ्या बायांना माहीत आहे. पण पोत्याने सोडा कुठे पडला होता हे फक्त तिला माहीत होतं. ती उठली, घरी जाऊन ती थेंबांची पेटी घेऊन आली. नळ उघडला, नळीत पाणी घेतलं. थेंब टाकत गेली. मी शेजारी उभी. पाणी हिरवंच. टाकते आहे, टाकते आहे, लाल व्हायचं नाव नाही. शेवटी झालं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “ठकीबाय, सकाळी पूलला एवढेच थेंब लागले. बोअरला एवढे कधीच लागत नाहीत. हे माझ्या पूलचं पाणी आहे.”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मला तिथेच उलटी झाली. शेठचे पाहुणे ज्यात बुचकळ्या मारतात, थुंकतात, त्यांची पोरं ज्यात काय काय करतात, त्या पाण्याचा फिल्टर धुतलेला गाळ! आणि त्या पाण्यात मी अंगणवाडीच्या लेकरांना भात शिजवून घातला. उन्हाळाभर त्यांची पोटं बिघडत होती आणि मी आयांनाच ओरडत होते, हात धूत नाही म्हणून.

प्रविण मांडवातच होता. पुष्पा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“तो पाइप कलमांना नेलास ना?”

तो खाली बघायला लागला.

“प्रविण, मी विचारते आहे.”

“ताई, बोअरला पाणी कमी पडत होतं. शेठ म्हणाला, हे पाणी नाहीतरी फेकूनच द्यायचं. टाकीत गाळ खाली बसतो... औषध असतंच त्यात...”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू नळ बंद केला असतास. माझं तिथलं काम गेलं असतं.”

“मग सुनिता विहिरीवर का जात होती?”

सुनिता पदर तोंडावर घेऊन उभी. मला तर तिथेच दोघांच्या झिंज्या उपटाव्या वाटल्या. केसाने गळा कापला हो त्याने! शेठ परका, त्याचं काय घेऊन बसायचं? पण हिने ज्याला कडेवर वाढवला, त्याने स्वतःच्या घरी विहिरीचं पाणी भरलं आणि बहिणीला ते घाण पाणी पिऊ दिलं. तिच्याच हाताने दांडा फिरवून तिच्याच लोकांना पाजलं.

दुसऱ्या दिवशी पुष्पा बंगल्यावर गेली, मीही बरोबर गेले. शेठ आलेला होता. ओरडला वगैरे काही नाही, हसून म्हणाला, “अगं, पाणी स्वच्छच होतं. तूच तर रोज तपासत होतीस ना?” हिने ती पेटी पायरीवर ठेवली आणि वळली. रस्ताभर मी शेठला शिव्या घालत होते.

पाड्याने नळाला चिंध्यांचा बोळा मारला. आता परत सगळ्या विहिरीवर, आणि विहीर पण पूर्वीची राहिली नाही. पुष्पा आली की बाया बोलायच्या थांबतात. जिव्याकाका एवढंच म्हणाला, “तुझ्या शब्दावर सोडलं होतं गं.” पाण्यातलं एवढं कळायचं तिला आणि हे कळलं नाही? कुणाला पटणार? तिने पण कुणाला समजावलं नाही. मीच भांडत फिरते.

दिवाळीच्या आधी प्रविण तिच्या घरी आला. मी तिथेच वाल सोलत बसले होते. हातात साडीची पिशवी, डोळे सुजलेले. “ताई, माझं चुकलं,” म्हणाला आणि ओटीवर बसला. पुष्पा उठली. तांब्या घेऊन बाहेर गेली, बऱ्याच वेळाने आली. आमच्याकडे घरी आलेल्याला आधी पाणी, मग बाकीचं. तिने तांब्या त्याच्यापुढे ठेवला. वास माझ्यापर्यंत आला. नळाचा बोळा काढून भरून आणला होता.

“पी,” म्हणाली.

त्याने तांब्या उचलला, तोंडापर्यंत नेला, आत बघितलं. मग हळूच खाली ठेवला. पिशवी तिथेच सोडून चपला घातल्या आणि निघून गेला.

तो दिसेनासा होईपर्यंत पुष्पा उभी होती. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. “ठकीबाय,” म्हणाली, “एक घोट जरी घेतला असता ना त्याने, तर मी सगळं विसरले असते.”