पावणेपाच किलो

माझा मुलगा जन्मला तेव्हा पावणेपाच किलोचा होता, आणि त्यातलं निदान पाऊण किलो माझ्यामुळे होतं.

बायको सुषमा बाळंतपणासाठी माहेरी अमरावतीला होती, मी अकोल्यात. दर रविवारी एसटीनं जायचो. सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी तिची साखर वाढल्याचं सांगितलं आणि गोड बंद केलं. सासूबाईंनी घरातला गूळसुद्धा कुलपात टाकला. त्या रविवारी सुषमा जिन्यात हळूच म्हणाली, "पुढच्या खेपेले पेढे आना ना. बाळ मांगून रायलं."

बाळच मागतंय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? पुढे दर रविवारी जिन्यात बाळाला चार पेढे पोचू लागले. (कधी सहा.)

नवव्या महिन्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ फार मोठं आहे. डोकं निघेल, पण खांदे अडकले तर दोघांच्याही जिवावर बेतेल. सिझेरियन करू."

मी म्हणालो, "मॅडम, आमच्या घरात पोरं मोठीच असतात. माह्या आईनं मले नॉर्मलच जन्म दिला."

"तुम्ही किती किलोचे होतात?"

मी तिथूनच आईला फोन लावला.

"अडीच किलोचा होता तू," आई म्हणाली. "अन् तरी मरता मरता वाचली मी."

फोन स्पीकरवर होता. मी सिझेरियनच्या कागदावर सही केली.

मुलगा झाला. नर्सला काटा बिघडला असं वाटलं, म्हणून तिनं त्याला दोनदा तोललं. पण तासाभरात बाळाचीच साखर घसरली आणि त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. आईकडून येणारी साखर एकदम थांबली की असं होतं म्हणे.

"शेवटी शेवटी गोड खाल्लं होतं का? खरं सांगा," डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माह्या घरात गोडाचा कणही नाही," सासूबाई ठामपणे म्हणाल्या.

मग मी जिन्यातलं सगळं सांगितलं. सासूबाईंनी माझा चहाच बंद केला. दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी बाळ सुखरूप आईच्या कुशीत आलं. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, कोनावर गेलं हे?"

सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आंग कोनावर गेलं मले माईत नाही. डोकं तेवढं आईवर जावो."

मीही मनातल्या मनात हात जोडले.