सोयरातली पाहुणी

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला आणि मला भीती वाटली. भीती बाळंतपणाची नव्हती. शकूच्या वेळी मी पुष्कळ सोसलं होतं, पण तिचं तोंड पाहिलं आणि ते सगळं विसरून गेले. भीती होती ती शकूचीच. चार वर्षांची पोर, माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळल्याशिवाय तिला झोप येत नसे. फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत तिला माझ्यावाचून आणि मला तिच्यावाचून करमत नव्हतं. मनात यायचं, हिला मी सगळाच्या सगळा जीव लावून बसले आहे, मग येणाऱ्याला काय देणार? आणि त्याला द्यायचं म्हणून हिचं काढून घेणार का? असले विचार कुणापाशी बोलायचे! सासूबाई म्हणाल्या असत्या, "अगो, आठ-आठ पोरं वाढवली बायकांनी, तू दुसऱ्यालाच घाबरलीस?" त्यांचं खरंच होतं. म्हणून मी गप्प राहायची.

आमच्या गल्लीच्या वळणावर दत्ताचं लहानसं देऊळ होतं. संध्याकाळी शकूला घेऊन मी तिथे आरतीला जात असे. ती पायरीवर बसून घंटेची वाट पाहायची आणि आतल्या मूर्तीला 'तीन तोंडांचा बाप्पा' म्हणायची. मी हात जोडून उभी राहायची, पण त्या महिन्यांत माझं लक्ष मूर्तीकडे नसायचंच. हात जोडलेले असायचे आणि मन मात्र हिशेब मांडत बसलेलं असायचं, हिला किती, त्याला किती. देवाला काय मागावं तेही सुचत नव्हतं. दत्ताला माझं काही ऐकू जातंय असं वाटेनासं झालं होतं, तरी सवयीने पाय तिकडे वळायचे.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. आज सभा, उद्या मोर्चा, परवा हरताळ. आमचे हे कोटातल्या, म्हणजे फोर्टमधल्या, एका कचेरीत कारकून होते, पण कचेरी सुटली की सभेला जायचे, आणि परत येऊन जिन्यावर त्यांची चप्पल वाजेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. ऐन अशाच एका हरताळाच्या दिवशी, दिवस भरायच्या आधीच मला कळा सुरू झाल्या. ट्रॅम बंद, टॅक्सी बंद, घोड्याची व्हिक्टोरियासुद्धा कुठे दिसेना. दादरच्या प्रसूतिगृहात नाव घालून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. शेजारच्या वाडीतल्या सुइणीच्या हातून, आमच्या आतल्या खोलीतच, मला मुलगा झाला.

मुलगा झाला म्हणून चाळभर पेढे गेले. सासूबाईंचे पाय जमिनीला लागत नव्हते. यांनी खिडकीतून कुणाला तरी ओरडून सांगितलं, आणि खालून घोषणा दिल्यासारखा आनंदाचा ओरडा आला. मी बाळाकडे पाहिलं. इवलासा लालबुंद जीव, मुठी आवळलेल्या. मला काहीच वाटलं नाही. जे शकूच्या वेळी आपोआप उचंबळून आलं होतं त्याची मी वाट पाहत राहिले, आणि ते आलं नाही. दूधही आलं नाही. बाळ तोंड लावायचं, थकायचं, रडून रडून झोपी जायचं. सासूबाई पाणी घातलेलं गाईचं दूध कापसाच्या बोळ्याने त्याला पाजायच्या, त्यातलं निम्मं बाहेर यायचं. दिवसागणिक त्याच्या मांड्या सुरकुतत चालल्या. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, "काळजी करू नका. काळजीनेच दूध अडतं." काळजी करू नका, हे सांगायला सोपं असतं.

त्यातून आमच्याकडे सोयर, म्हणजे बाळंतपणाचा विटाळ, कडक पाळायचे. बाळंतिणीला शिवायचं नाही, तिने देवाधर्माचं काही करायचं नाही. सासूबाईंनी शकूला उंबऱ्याबाहेरच अडवलं. "आईला शिवायचं नाही हं बाळ, बारसं होईस्तोवर." मोठ्या माणसाला हे कळतं. चार वर्षांच्या मुलीला एवढंच दिसलं की तो नवा आलेला आईच्या कुशीत आहे आणि आपण बाहेर. पहिल्या दिवशी ती उंबऱ्यापाशी उभी राहून खूप रडली. मग रडायची थांबली आणि त्यानंतर बोलेचना. खाऊ दिला तर हातात धरून ठेवायची. यांनी कडेवर घेतलं तरी लाकडासारखी ताठ. मी आतून हाका मारायची, "शकू, इकडे बघ गं." ती भिंतीकडे तोंड करून बसायची. मला वाटायचं, दोन्ही हातांनी धरायला गेले आणि दोन्ही सुटलं.

असंच चाललेलं असताना एके दिवशी दुपारी परळ-लालबागकडच्या बायकांचा मोठा मोर्चा चौपाटीकडे जायचा होता. घोषणा दुरून ऐकू यायला लागल्या तशी सगळी चाळ खाली रस्त्यावर धावली. हे कचेरीत होते. सासूबाई मोरीत बाळाचे कपडे धूत होत्या. घोषणा जवळ आल्या, गल्लीच्या तोंडावरून पुढे गेल्या, विरल्या. सासूबाई हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "शकू तुझ्याकडे आहे का गं?"

शकू कुठेच नव्हती. गॅलरीत नव्हती, जिन्यात नव्हती, शेजारी नव्हती. बायका मोर्चाच्या मागे चौपाटीच्या दिशेने पळाल्या. मी अंथरुणातून उठले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. सासूबाईंनी मला धरून खाली बसवलं, "तू ओली बाळंतीण, तू हलायचं नाहीस," असं म्हणाल्या, आणि स्वतः तशाच अनवाणी जिना उतरून गेल्या. एरवी बाहेर पाऊल टाकण्याआधी दहादा पदर सारखा करणारी ती बाई.

खोलीत मी आणि बाळ. बाळ भुकेने ओरडत होतं. खालून शकूच्या नावाच्या हाका येत होत्या, लांब लांब जात होत्या. रस्त्यावर हजारो माणसं होती. पोलिसांच्या गाड्या होत्या. आणि माझी मुलगी तोंड उघडत नव्हती. कुणी तिला नाव विचारलं तरी ती सांगणार नव्हती. सोयरात देवाला हाक मारायची नाही हे मला ठाऊक होतं. मी मारली. मोठ्याने मारली. म्हटलं, "दत्ता, मला ही दोन मुलं सांभाळता येत नाहीत. मी हरले. ही माझी नाहीतच, तुझी आहेत. आता तू बघ." नवस केला नाही, परत आण असंही म्हटलं नाही. म्हणायचं राहिलंच. एवढं बोलून मी रडायची थांबले आणि भिंतीला टेकून बसून राहिले. अंगातली सगळी ओढाताण संपून गेल्यासारखं झालं होतं. त्याला शांती म्हणावं की थकवा, ते मला आजही सांगता येणार नाही.

दिवेलागण होऊन गेल्यावर जिन्यावर पावलं वाजली. दारातून आधी शकूचा आवाज आला. "हे आमचं घर."

इतक्या दिवसांनी ऐकलेला तो आवाज! तिच्यामागून एक बाई आत आली. चाळिशीच्या आसपासची, काळीसावळी, पायांवर धुळीचा थर, घामाने चेहरा ओला. लुगड्याचा पदर शकूने बोटाला गच्च गुंडाळलेला. दारातल्या उजेडात ती क्षणभर थांबली, मला आणि बाळाला तिने पाहून घेतलं आणि सरळ रागवायलाच लागली.

"तुमचीच ना ही? असं सोडतात होय लेकराला? एवढ्या गर्दीत पायाखाली आली असती म्हंजे?"

मी नुसते हात पुढे केले. त्या बाईंनी शकूला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. तेवढ्यात सासूबाई धापा टाकत दारात आल्या होत्या. शिवू नको, असं आता त्या म्हणतील म्हणून मी अंग चोरलं. त्या नुसत्या दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या.

शकूने माझ्या छातीत डोकं खुपसलं आणि हुंदका दिला, आणि मला पान्हा फुटला. आधी काय होतंय ते कळलंच नाही. चोळी भिजली, शकूचे केस भिजले. मी रडत होते, शकू रडत होती आणि पलीकडे बाळ टाहो फोडत होतं. त्या बाईंनी बाळाला उचललं.

"घ्या याला. दोन मांड्या हैत न्हवं? एकीवर ती बसंल, एकीवर हा."

बाळ प्यायला लागलं. घुटुक घुटुक आवाज येत होता. शकूने एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि इतके दिवस ज्याची वाट पाहत होते ते आलं. गाजावाजा न करता आलं, जणू इथेच कुठेतरी बसून होतं.

सासूबाई म्हणाल्या, "बसा हो. चहा टाकते."

ती बाई उभीच राहिली. म्हणाली, "मी परळची. आमी दीक्षा घेतलीय, बौद्ध हाय. आधीच सांगते. मागनं तुमच्या मनात नको यायला."

माझ्या सासूबाई म्हणजे पाण्याच्या हंड्यापाशी शेजारणीला उभं न करणाऱ्या. त्यांनी त्या बाईंच्या पायांकडे पाहिलं, माझ्या मांडीवरच्या दोन्ही मुलांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे सोयर आहे. विटाळ आज आमचाच आहे. तुम्हाला चालेल ना आमच्या हातचा?"

ती बाई खळखळून हसली आणि खाली बसली. आम्ही जे कप वापरायचो त्यातल्याच एका कपात सासूबाईंनी तिला चहा दिला.

चहा पिताना तिने सगळं सांगितलं. नाव गंगूबाई. मोर्चात चालता चालता पदर ओढल्यासारखा वाटला म्हणून वळून पाहिलं तर ही पोर. नाव विचारलं, गाव विचारलं, एक नाही की दोन नाही. पदर सोडवायला गेली तर ओठ काढून रडायला लागली. बरोबरच्या बायका पुढे निघून गेल्या. "मला पोलीस चौकी गाठायची होती. कुणीतरी सांगितलं डावीकडं वळा. मी वळले उजवीकडं. कशी वळले काय म्हाईत! तिथं ते देऊळ लागलं. तशी ही कडेवरनं घसरली आन जाऊन पायरीवर बसली. म्हणते कशी, 'इथे माझी आई येणार.' म्हटलं, अगं बया, तुला तोंड हाय तर!"

मी विचारलं, "देवळात कुणाला विचारलं नाहीत का? पुजारी ओळखतात हिला."

"मी न्हाई चढत पायरी. आधी चढू देत नव्हते, आता आमीच चढत न्हाई." तिने हे सहज सांगितलं, पण सासूबाईंनी मान खाली घातली. "खालीच उभी ऱ्हायले. आरती झाली, लोक गेले. हिची आई काय येईना. मग म्हटलं, ती येत नसंल तर आपण जाऊ तिच्याकडं, घर ठावं हाय का? तर हिनंच मला ओढत आणली."

कप खाली ठेवून ती उठली. चौपाटीवरची सभा चुकली याची तिला फार चुटपुट लागली होती. "बायांना काय सांगू आता," असं पुटपुटत ती जिना उतरली. शकू गॅलरीतून तिला हाका मारत होती.

ती गेल्यावर सासूबाईंनी तिचा कप उचलून विसळला. मग म्हणाल्या, "दत्तमहाराज कुठल्या वेषात येतील, सांगता येत नाही." मला वाटतं, गंगूबाईंना हे आवडलं नसतं. मीही त्यांना देव करत नाही. त्या माणूस होत्या, दमलेल्या, सभेच्या घाईत असलेल्या, मला चार शब्द सुनावणाऱ्या. पण डावीकडे जायचं ते उजवीकडे का वळल्या, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही नाही. माझ्या हाकेचा त्याच्याशी संबंध जोडायचा की नाही, यावर मी वाद घालत नाही. मी हाक मारली होती, आणि मुलगी घरी आली. घडलं ते एवढं.

पुढे सगळं एकदम गोड झालं असंही नाही. शकूने बाळाला चिमटे काढले. एकदा वाणसामानाच्या टोपलीत घालून, "हा परत देऊन येऊ," म्हणाली. मी कधी तिच्यावर ओरडायची, मग दिवसभर वाईट वाटायचं. पण हिशेब मांडणं सुटलं. एखादे दिवशी बाळाच्या वाट्याला मी जास्त यायची, एखादे दिवशी शकूच्या. जे आपलं नाही ते आपण नुसतं सांभाळायला घेतलं आहे असं एकदा मनाने धरलं की हात हलके राहतात.

यांनी परळला जाऊन गंगूबाईंचा शोध घेतला. परत आले ते हसतच. म्हणाले, "अगं, तिथे चाळीचाळीतून गंगूबाई आहेत. तिघींच्या घरी चहा झाला, पण तुझी गंगूबाई काही सापडली नाही." सासूबाईंनी विचारलं, "चहा घेतलास ना सगळीकडे?" "घेतला." "बरं केलंस."

महाराष्ट्र राज्य झालं त्या संध्याकाळी आमच्या सगळ्या चाळीवर पणत्या लावल्या होत्या. मुलगा दोन वर्षांचा झाला होता, माझ्या एका कडेवर होता. दत्ताची पालखी त्या आनंदात गल्लीतून काढली होती. ती आमच्या गॅलरीखाली आली तशी शकू माझा हात ओढायला लागली, "आई, मलाही उचल, मला दिसत नाही." सहा वर्षांची झाली होती, उचलवत नव्हती. तरी उचलली. पालखी अगदी समोर आली. सगळ्या गॅलरीने हात जोडले. माझे दोन्ही हात अडकलेले होते. मी नुसती मान लववली. तेवढा नमस्कार पोचला असणार, असं मला मनापासून वाटतं.