टेम्पोत पहिली कोण चढायची

३ मे. दुपार. शेडवर फाटकी पोती शिवत बसलेय. दाभण हातात, सुतळीचा गुंडा मांडीखाली, शेजारी मुलीची अर्धी कोरी वही. चार टाके पोत्याला, चार ओळी वहीत – असं चाललंय.

आता जे लिहिणार आहे ते माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, आणि आता तो नाहीच. बहिणीला नाही, पोटच्या पोरीला नाही. देवापुढं हात जोडले तेव्हासुद्धा हे तेवढं बाजूला ठेवून बाकीचं बोलले. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या माझ्या शेडवर कामाला येणार नाही. बस्स, एवढंच कारण.

माझं लिंबाचं शेड आहे, मिरजगावच्या अलीकडं, हायवेला लागून. शेतकऱ्यांचा माल येतो. बायका तो निवडतात – हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, डागी वेगळा – मग गोण्या भरायच्या आणि गाडी लावून द्यायची. नवरा गेल्यावर लोक म्हणाले, बाईमाणूस, शेड विकून टाक. मी नाही विकलं. वाढवलं. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. तुम्हाला गरीब बिचारी विधवा वाचायची असेल तर वही इथंच मिटा.

किमान वेतनाचा कायदा मला पाठ आहे. त्याचा तक्ता शेडच्या भिंतीवर लावलाय – लावावाच लागतो – आणि त्याच्यावर कॅलेंडर टांगलंय. साहेब तपासणीला आले की कॅलेंडर काढते, गेले की परत टांगते. यात काय मोठं? सगळेच तसं करतात. हा माझा कबुलीजबाब नाही. कायद्याबद्दल माझं मत होतं तेच आजही आहे. लिंबाचा भाव सरकार बांधून देत नाही. श्रावणात लिंबू मातीमोल होतं, तोडणीचा खर्च निघत नाही म्हणून लोक झाडाखाली सडू देतात, तेव्हा कुठला साहेब तक्ता घेऊन येतो? दर महिन्याला पगार खात्यावर येणाऱ्या माणसानं मला मजुरीवर शिकवू नये. आणि तुम्हीही – मंडईत चार लिंबांवर पाचवं फुकट मागता ना? मग ऐका गप्प.

हे सगळं मी परवा, एक मेला, नगरला स्टेजवर उभं राहून बोलले. कामगार दिनाचा परिसंवाद होता. विषय – मजुरी कायद्यानं ठरावी की बाजारानं. कायद्याच्या बाजूनं एक प्राध्यापक होते, बाजाराच्या बाजूनं मी. ते पुस्तकातलं बोलले, मी शेडवरचं. मी म्हटलं, आमच्याकडं रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, कुणी लादत नाही. सकाळी चौकात बायका उभ्या असतात, टेम्पो येतो, मालक रोज सांगतो, पटलं तर चढायचं, नाही तर घरी जायचं. याच्याहून मोकळा बाजार कुठला? टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या.

मग मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. नर्सचा पांढरा कोट हातावर, ड्यूटीवरून थेट आलेली. म्हणाली, "काकू, मी संगीता. कौसाबाईची." मी ओळखलं होतंच. लहानपणी आईबरोबर शेडवर यायची, डागी लिंबं वेचून खिशात भरायची. "तुम्ही अर्धंच सांगितलं," ती म्हणाली. "आमच्या चौकात पहिली बाई चढली की रोज ठरतो. मग बाकीच्यांनी बोलायचं नाही. माझी आई अकरा वर्षं पहिली चढतीय. तिला एवढी घाई कशाची असते ते ती मला सांगत नाही. तुम्हाला माहीत आहे का?"

आता ही रीत तुम्हाला सांगायला हवी, नाही तर पुढचं समजणार नाही. आमच्या चौकात चार-पाच शेडचे टेम्पो येतात. रोजावर घासाघीस होते, बायका आपसात बोलतात, "येवड्यात न्हाई परवडत" म्हणतात, मालक "मग ऱ्हा घरी" म्हणतात. पण एका बाईनं टेम्पोच्या मागच्या फळीवर पाय ठेवला की संपलं. त्या दिवसाचा सगळ्या गावाचा तोच रोज. कुणी लिहून ठेवलेलं नाही, कुणी मोडत नाही. माझ्या सासूच्या वेळेपासून असंच आहे. भांडणं वाढू नयेत म्हणून कुणीतरी पाडलेली पद्धत असेल. चांगली पद्धत आहे, जर ती पहिली बाई आपल्या मनानं चढत असेल तर.

मी संगीताला काय उत्तर दिलं? म्हटलं, "ज्याला जेवढ्यात परवडतं तेवढ्यात तो काम करतो. तुझ्या आईला परवडत असेल, बाई." लोक हसले. पुन्हा टाळ्या. पोरगी खाली बसली.

खोटं बोलले मी.

कौसाबाईला परवडत नव्हतं. कौसाबाईला मी चढवत होते.

अकरा वर्षांपूर्वीचा उन्हाळा. लिंबाला असा भाव होता की लोक हॉटेलात लिंबू मागायला लाजत होते. आमच्या बायकांना हे कळत नव्हतं असं समजू नका. गोण्यांवर भाव लिहिणाऱ्या त्याच. त्यांनी ठरवलं – रोज पन्नासानं वाढवल्याशिवाय फळीवर पाय ठेवायचा नाही. पहिल्या दिवशी टेम्पो रिकामे फिरले. दुसऱ्या दिवशीही. माझा माल शेडवर पिवळा पडत चालला. आता मला सांगा – मालाला भाव आहे, हातांना मागणी आहे, तर हातांचा भाव वाढायला नको? मी ज्याला बाजार म्हणते त्याच्या हिशेबानं तेव्हा त्यांचं बरोबर होतं. श्रावणात मी रोज पाडला की तो बाजार, आणि वैशाखात त्यांनी मागितला की ती दादागिरी? मला हे तेव्हाही कळत होतं. न कळून केलं असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कौसाबाईच्या घरी गेले, विहाराच्या मागं. तिचा नवरा तिला टाकून गेलेला, पदरात दोन लेकरं. दोन दिवस काम नव्हतं म्हणजे त्या घरात काय असणार ते मला ठाऊक होतं; म्हणून तर मी दुसऱ्या कुणाकडं गेले नाही. म्हटलं, उद्या तू पहिली चढ. जुन्या रोजावर. ज्वारीचं पोतं पाठवून देते. आणि यापुढं मी सांगीन तेव्हा चढायचं, दर वर्षी पोतं मिळेल.

तिनं चुलीपुढची राख सारखी केली. मग म्हणाली, "वैनी, बाया मला उभं करायच्या न्हाईत."

मी म्हटलं, आपलं ठरलंय हे त्यांना कळायचंच नाही.

आणि तिथंच थांबले असते तरी – पण नाही थांबले. संगीता कोपऱ्यात वहीत काहीतरी लिहीत होती. मी म्हटलं, पोरीच्या डोक्यावर हात ठेव आणि शपथ घे. कुणाला सांगणार नाहीस, या पोरीलासुद्धा नाही. तिनं घेतली. पोरीनं मान वर करून बघितलं, आईचा हात डोक्यावर का आला म्हणून. मग परत लिहायला लागली.

हे. हे मी सांगितलेलं नव्हतं. पोतं द्यायचं कबूल केलं हे एक वेळ मी व्यवहार म्हणून दामटून नेलं असतं. शपथ कुठल्या व्यवहारात बसते?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी टेम्पोत पुढं, बबन ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते. बायका अंग आखडून उभ्या. त्यांच्यात शांताबाई सगळ्यांत पुढं, तिचंच सगळ्या ऐकायच्या. कौसाबाई मागं. तिनं बाजूच्या आरशातून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. एवढीशी. ती गर्दीतून पुढं आली आणि फळीवर पाय ठेवला.

शांताबाई तिच्या पायाशी थुंकली. "चढ, पयले, चढ! तुज्या एकटीच्याच पोटाला भूक हाय!"

मग एकेक करून सगळ्या चढल्या. रोज जुनाच राहिला. फक्त माझ्या शेडचा नाही, गावातल्या सगळ्या शेडचा. एका पोत्यात. एवढं स्वस्त दुसरं काही मी आयुष्यात विकत घेतलेलं नाही.

त्या दिवसापासून तिचं नाव पडलं पयली. "पयली आली गं, सरका!" टेम्पोत तिच्या शेजारी कुणी बसत नाही. दुपारी बायका गोल करून भाकरी सोडतात, एकमेकींचं कालवण वाढून घेतात. कौसाबाई वजनकाट्याच्या आडोशाला एकटी खाते. संगीताच्या लग्नात तिनं टेम्पोतल्या सगळ्यांना घरोघर जाऊन आमंत्रण दिलं. एकही गेली नाही. मी गेले होते. पातळ नेलं होतं. पहिल्या पंगतीत जेवले, आणि रिकाम्या पंगतीकडं बघून तिला म्हटलं, उन्हामुळं नसतील आल्या. तिनं फक्त "व्हय, वैनी" म्हटलं.

तिनं शपथ पाळली. पोरगी नर्स झाली, "आई, आता काम सोड" म्हणून मागं लागली, आईला सगळं गाव असं का वागवतं म्हणून विचारून थकली. तिनं नाही सांगितलं. मी काय वाटेल ते बोलेन, पण तिच्यासारखा शब्द पाळणारं माणूस मी बाजारात पाहिलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, माल सडत होता, कर्ज असेल, एकटी बाई होते. माल सडत होता हे खरं. बाकीचं माझ्याकडून घेऊ नका. पन्नास रुपये वाढवून दिले असते तरी त्या उन्हाळ्यात मला नफाच होता. थोडा कमी. मला हरायचं नव्हतं, एवढंच होतं. आणि पुढची वर्षं? पुढं तर सवयच झाली. आरशात मान हलवायला जोर लागत नाही.

त्या प्राध्यापकांनी हे वाचलं तर म्हणतील, बघा, म्हणून कायदा हवा. म्हणू देत. मी नाही म्हणणार. पण यापुढं स्टेजवर चढून मी "बाजार ठरवतो" असंही म्हणू शकत नाही, कारण आमच्या चौकात बाजारानं कधी काही ठरवलंच नाही. मी ठरवलं, आणि नाव तिचं गेलं.

हातातलं पोतं शिवून झालं. हे तिच्याचसाठी बाजूला काढलं होतं. या वर्षीची ज्वारी.

४ मे. सकाळी सातला चौकात गेले. टेम्पोच्या पुढं न बसता खाली उतरले. बबनला म्हटलं, गाडी बंद कर. कौसाबाईला आधी विचारलं नव्हतं – तेही माझ्याच मर्जीनं केलं. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, की कौसाबाईला पहिली मी चढवत होते, ज्वारीच्या पोत्यावर, आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला लावून तिचं तोंड मी बंद केलं होतं. दोन मिनिटांत झालं. अकरा वर्षांचं सांगायला दोन मिनिटं पुरली.

शांताबाई म्हणाली, "आन् ह्ये आज का?"

मी म्हटलं, उशीर झाला म्हणून.

"उशीर लई झाला," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. आजचा रोज बोला."

मी म्हटलं, तुम्ही बोला. त्यांनी आकडा सांगितला. मी घासाघीस केली – का नाही करायची? शेड माझं आहे. त्या हलल्या नाहीत. पाव तास कुणी फळीकडं बघितलंसुद्धा नाही. आरसा होता, त्यात मी पाहिलं नाही. शेवटी मी त्यांचा आकडा मान्य केला, आणि पहिली शांताबाई चढली.

कौसाबाई सगळ्यांत शेवटी आली. गुडघे दुखतात तिचे. फळी धरून चढताना तिला कुणी हात दिला नाही. मी पुढं केला होता. तिनं धरला नाही. आपल्या आपण चढली, वेळ लागला. तोवर टेम्पो थांबून होता.