मी पुसायला लावलेला चोवीस

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं मुलांच्या पुस्तकांत डोकावून शिकले. पण मैसूरला वार जाऊन मीटर आले ना, तेव्हा ब्लाउजला कापड किती लागेल हे विचारायला गल्लीतल्या बायका माझ्याकडेच यायच्या. मी शिवणकाम करायची, आकडे तोंडपाठ. त्याचा मला माज होता, आता लपवून काय करू?

बहिणीची मुलगी कृष्णराजनगरहून आमच्याकडे राहायला आली, फिजिक्समध्ये एमेस्सी करायला. एकदा तिला दुसऱ्या दिवशी वर्गापुढे उभं राहून बोलायचं होतं, पहिल्यांदाच. पेन्सिलीनं लिहिलेले कागद ती उंबऱ्यावर बसून मला वाचून दाखवत होती, मी मशीनवर होते.

"मावशी, अणूच्या गाभ्याचं क्षेत्रफळ बार्नमध्ये मोजतात. एक बार्न म्हणजे दहाचा उणे अठ्ठाविसावा घात, एवढे चौरस मीटर."

"अय्यो! सुईच्या टोकावर किती मावतील गं?"

"मोजत बसलीस तर ब्लाउज राहतील. आणि चौरस सेंटीमीटरमध्ये उणे चोवीस."

माझा पाय थांबला. "चोवीस कसे? मीटरचे सेंटीमीटर शंभर. दोन शून्यं. उणे सव्वीस होणार."

"अगं, चौरस आहे ते, दोन्हीकडून..."

"मला शिकवतेस? जन्मभर मीटरच कापतेय मी. पूस ते."

तिनं पुसलं. सव्वीस लिहिलं.

कापडाचा पन्हा ठरलेला असतो, बघा. कितीही मीटर घ्या, रुंदी तीच. लांबी शंभरपट झाली की कापड शंभरपट. माझ्या हाताला तेवढंच माहीत.

दुसऱ्या दिवशी ती आली ती डोळे सुजवून. सरांनी सगळ्यांसमोर फळ्यावर गणित करायला लावलं होतं, हे तर शाळेतलं म्हणून. आमचे हे कॉफी पीत बसले होते. म्हणाले, "एमेस्सीला येऊन शून्यं चुकलीस? आमच्या हिला तरी विचारायचंस!"

"घाईत लिहिलं, काका," ती म्हणाली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

'मीच सांगितलं', एवढंच बोलायचं होतं मला. मी साखर ढवळत राहिले.

दुसऱ्या सकाळी ती कॉलेजात गेल्यावर ब्लाउजचे नमुने काढायच्या खाकी कागदावर मीटरभर चौकोन आखला. एका बाजूला शंभर खुणा, दुसऱ्या बाजूलाही शंभर. एका ओळीत शंभर घरं, अशा शंभर ओळी. दहा हजार. चार शून्यं. चोवीसच.

संध्याकाळी तिला गाठलं. "अगं, ते काल..."

"होगली बिडी, मावशी. जाऊ दे."

आणि मी जाऊ दिलं! सुटले म्हणून बरंही वाटलं. चुकीपेक्षा त्या बरं वाटण्याची लाज मला जास्त आहे. ह्यांनी पुढं कितीतरी पाहुण्यांना भाचीच्या शून्यांची गंमत सांगितली, आणि दर वेळी मी ताटं वाढता वाढता हसले.

ती मात्र वाचून दाखवायची थांबली नाही. तशीच उंबऱ्यावर बसायची, "ऐक गं मावशी" म्हणायची. फक्त आता कागद शाईनं लिहिलेले असायचे.