सगळीकडेच गेलंय

दुपारी ऑफिसातलं भाषांतर करणारं एआय बंद पडलं. पडद्यावर एवढंच आलं, की तुमच्या देशात ही सेवा सध्या मिळणार नाही. पंखे फिरत होते, दिवे चालू होते, आणि आम्ही सगळे नुसते बसून होतो. शेजारच्या टेबलावरच्या मोहितेबाई उठल्या, पलीकडच्या विभागात डोकावून आल्या. "त्यांचंही गेलंय," म्हणाल्या आणि निवांत बसल्या.

वीज गेली की आपण असंच गॅलरीत जाऊन बघतो. समोरच्या इमारतीतही अंधार दिसला की जिवाला बरं वाटतं. पण तेव्हा निदान कोपऱ्यावरची विजेची डीपी माहीत असते, वायरमनला हाक मारता येते. या एआयची डीपी कुठल्या समुद्रापलीकडे आहे, कोण जाणे.

आमच्याच मशीनवर चालणारं, कुणालाही उघडून दुरुस्त करता येईल असं भाषांतराचं एक एआय मॉडेल आम्ही मागे बसवलं होतं. मराठीत अडखळायचं. शिकवत बसायचा सगळ्यांनाच कंटाळा आला, म्हणून काढून टाकलं.

"कधी येईल?" मी विचारलं.

"काय माहीत. पण सगळ्या देशाचंच गेलंय ना," बाई म्हणाल्या.

ऐकून मलाही बरं वाटलं, आणि मग, हाक मारायला कुणीच नाही हे आठवून, फार थकल्यासारखं झालं.